दलसिंग बँडची तिसरी रेकॉर्ड

रेकॉर्डची पहिली बाजू अर्धीही झाली नव्हती तोच चुनीलालच्या अडकित्त्यातली सुपारी न कातरता तशीच राहिली. काही बिघडलं होतं म्हणावं तर बिघडलं काहीच नव्हतं. ढोल जिथं यायचा तिथंच आला होता, झांजा नेहमीप्रमाणे अर्धी मात्रा आगाऊपणा करत होत्या, दलसिंग मास्तरांचा ट्रम्पेट पहिल्याच फेरीला घास अडकल्यासारखा वर चढत होता, आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून क्लॅरिनेट, डबक्यावरून निवळी धावते तशी, अंग न भिजवता चालली होती. क्लॅरिनेटवाला पितांबर मरून दोन वर्षं झाली, त्याच्या जागी रूपचंद आला, रेकॉर्डच्या पाकिटावर ‘नव्या चाली’ असं ठसठशीत छापलं, तरी बँड जिथं होता तिथंच होता. कपडे बदललेला जुनाच माणूस दारात उभा राहावा, तसा. चुनीलालला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यानं सुपारीवर अडकित्ता दाबायला घेतला. आणि नेमकं तेव्हाच, वरातीच्या त्या उडत्या चालीत, जिथं श्वास घ्यायचं काहीएक कारण नव्हतं तिथं, क्लॅरिनेटनं श्वास घेतला. एवढासाच. पालीनं भिंतीवर जागा बदलावी एवढा.

दुसऱ्या कुणाला तो ऐकू आला नसता. दुसऱ्या कुणाला कशाला, खुद्द रूपचंदलाही आला नसेल. पण चुनीलालचा कान म्हणजे गावात एक वेगळाच जिन्नस होता. तो नंदुरबार स्टेशनात पार्सल बाबू. मूळ घर ब्राह्मणपुरीचं, गुजरांचं. भाऊ तिकडे केळी नि कापूस बघायचे आणि हा इकडे टोपल्या, गाठोडी नि पेट्या बघायचा. माणसांकडेही तो पार्सलासारखंच बघे: आलंय कुठून, दोरी कुणी बांधलीय, आणि हलवलं तर आत काय खुळखुळतं. स्वतःला साधी शिट्टी वाजवता येत नव्हती. ज्याला फोडणी देता येत नाही त्यालाच भाजीत मीठ कमी लागतं, तसला हा गृहस्थ. पण तुळशीचं लग्न लागण्याआधी दलसिंग मास्तर सगळा बँड घेऊन स्टेशनामागच्या मोकळ्या जागेत उभे राहत, हंगामातल्या सगळ्या चाली एकदा वाजवून दाखवत, आणि समोर एकच खुर्ची असे, ती चुनीलालची. त्यानं मान हलवली तर चाल वरातीत जायची. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली की मास्तर हात वर करून बँड थांबवत नि म्हणत, “चुनीभाऊले काहीतरी टोचनं. फिरी ल्या.” अशा माणसाला गावात मान असतो आणि तो मान त्याला फुकट पडतो, कारण चुकलं तर वाजवणाऱ्याचं चुकतं, ऐकणाऱ्याचं कधीच नाही. निदान त्या रविवारच्या दुपारपर्यंत चुनीलालचा असाच समज होता.

बाजू संपली. सुई मधल्या कागदापाशी खरखरत राहिली. त्यानं ग्रामोफोनला चावी दिली, सुई पुन्हा कडेला ठेवली आणि या वेळी डोळे मिटले. वरातीची चाल पुन्हा सुरू झाली. पहिली फेरी स्वच्छ. दुसऱ्या फेरीत, वरून खाली उतरताना, तोच श्वास. आणि तिसऱ्या फेरीत, मघाशी निसटलेला, आणखी एक. स्वयंपाकघरातून जसोदाबाई म्हणाली, “कितला डाव लावशात तेच ते? सकायनी मन्ही पोर सासरेथून इनी असती तं तिले इतलं दखं नसतं तुम्ही.” ती पदराला हात पुसत दारात आली, त्याच्याकडे बघितलं, आणि बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या टोपीवरून त्याचं मन वाचायला शिकलेली बाई असल्यामुळे तिनं बघितलं की टोपी मांडीवर आहे. “बिघडी गयी का रेकॉर्ड?” तिनं विचारलं. “नही,” चुनीलाल म्हणाला. “चांगली शे.” आणि ते खरंच होतं, हीच तर त्यातली पंचाईत होती.

श्वासाची गोष्ट पितांबरपासूनची. मुलगी सासरी निघताना वाजवायची जी चाल, बोळवणीची, तिच्यात वरच्या सुरावर बराच वेळ उभं राहायचं असतं. पितांबर त्या सुरावर उभा राही, आणि खाली उतरायच्या अगदी तोंडावर त्याचा दम सरे. हुंदका गिळावा तसा एक आवाज होई, आणि मग तोच सूर पुन्हा येई, मघापेक्षा मऊ, थोडा उतरलेला. नेमक्या त्या जागी मांडवातल्या बायका रडायला लागत. आधी नाही नि नंतर नाही. नवरीच्या आईनं तोवर डोळे कोरडे ठेवलेले असत, पाहुण्यांची ताटं, आहेराची लुगडी, सगळं तिच्या डोक्यात चाललेलं असे. पण तो श्वास आला की ती होती तिथंच खाली बसे. चुनीलालनं तो पहिल्यांदा ऐकला पंचावन्न साली, शहाद्याच्या एका लग्नात, आणि जेवणाची पंगत सोडून तो बँडच्या मागं मागं नवरीच्या गाड्यापर्यंत गेला होता. त्यानंच दलसिंगला सांगितलं की ही चूक नाही, हीच तुमच्या बँडची खूण आहे, ही घालवू नका. मास्तर हसले होते. पितांबरही हसला होता, तोंडावर हात धरून. पहिल्या रेकॉर्डमध्ये तो श्वास आला तेव्हा तर तो श्वास साऱ्या तालुक्याचा झाला. तळोद्याचे लोक म्हणायचे, बँड आणायचा तर रडवणारा आणा. धंद्यातली माणसं शहाणी असतात. लोक कशाला रडतात हे कळलं की ती त्याचं कारण विचारत बसत नाहीत.

कारण क्षय होता. पण नंदुरबारात दिवाळीपासून होळीपर्यंत कोण खोकत नाही? गावाबाहेर मैलभर मिरच्यांच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात, जमीन लालभडक, वारा सुटला की मिरचीचा खाट, तो नाकाला झोंबणारा भपकारा, घराघरात शिरतो, कोर्टात वकील खोकतात, शाळेत मास्तर खोकतात, देवळात पुजारी आरतीच्या मध्येच खोकतो आणि देवाला ते चालतं. अशा गावात एका माणसाचा खोकला म्हणजे गुळाच्या ढेपेवरची एक माशी. चुनीलालला मात्र वेगळं ऐकू आलं होतं. आता सुई तिसऱ्यांदा कडेला ठेवताना त्याला ते क्रमानं आठवलं, जसं आठवायला नको तसं. आधी श्वास फक्त बोळवणीत होता. मग एका वर्षी, एकसष्ट साली, तो वरातीच्या चालीत आला, दुसऱ्या फेरीत, वरून उतरताना. मग तिसऱ्या फेरीत. मग हळदीच्या चालीत, जी काय, लहान लेकरानं वाजवावी इतकी सोपी. आनंदाच्या चाली आधी गेल्या. दुःखाची मात्र शेवटपर्यंत सुंदर राहिली, उलट सुंदर होत गेली. त्या वर्षी पितांबरनं एकदा युक्ती केली होती. बोळवणीच्या वरच्या सुरावर तो थांबलाच नाही. आधीच दोन ठिकाणी चोरून दम घेतला आणि सरळ खाली उतरला. छातीत दुखत होतं, असं तो नंतर म्हणाला. पण त्या दिवशी स्टेशनामागं खुर्चीवर बसलेल्या चुनीलालनं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. “पितांबरभाऊ, हाई तुन्ही चाल नही,” तो म्हणाला होता. “हाई तं कोन्ही बी वाजाडी.” पितांबरनं मान खाली घालून पुन्हा वाजवली, थांबला, दम सरला, मऊ सूर आला, आणि चुनीलालच्या अंगावर काटा उभा राहिला. त्या काट्याचं सुख त्याला अजून आठवत होतं. अंगावर अजून तसाच्या तसा उभा राहत होता, हे त्याला आत्ता, या खुर्चीत बसून, स्वतःपासून लपवता येईना.

चिंचपाड्याच्या दवाखान्यात न्यायचं त्यानंच काढलं होतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. गाडीनं दोन-अडीच तासांचा रस्ता. स्टेशनातला रूळ बदलणारा सांधेवाला तिथून वर्षभर सुया नि गोळ्या घेऊन खडखडीत बरा होऊन आला होता, पुन्हा कामाला लागला होता. पितांबर म्हणाला, हंगाम संपू दे. हंगाम संपला आणि पितांबरही. तेराव्याला चुनीलाल त्याच्या घरी गेला तेव्हा दगूबाई, पितांबरची बायको, चुलीवर पाणी ठेवून बसली होती आणि मांडीवर क्लॅरिनेट होती, सुटी सुटी केलेली. तोंडात धरायचा काळा तुकडा आणि त्यावरची वेताची पत्ती तिनं वेगळी काढली होती. दारात रूपचंद उभा होता. बँडवाल्यांत रीत अशी की गुरू गेला की चेल्यानं त्याची पत्ती उष्टीच तोंडात धरायची, एक चाल वाजवायची, मग पत्ती नदीत सोडायची. त्याशिवाय हात येत नाही म्हणतात. दगूबाई म्हणाली, “भाऊ, मी हाई उकळता पानीमा काढी लेस. रगत लागेल शे वर. ह्या पोऱ्यानी बायको धाकली शे अजून.” ती विचारत होती. घरात मोठी माणसं चार होती, पण कानवाला एकच होता. आणि चुनीलाल म्हणाला, “वैनी, धोवू नका. त्या पत्तीमा त्याना सूर बसेल शे.” दगूबाईनं काही वेळ त्याच्याकडे बघितलं. मग पाणी चुलीवरून उतरवलं. वाफ तिच्या तोंडावर येत होती म्हणून ती रडते आहे की नाही ते कळलं नाही.

रीत एका चालीची होती. पुढचं सगळं चुनीलालचं. पत्ती नदीत गेली नाही. रूपचंदला तो श्वास येईना, आणि श्वास नाही तर बँड नाही, म्हणून दलसिंगनं त्याला चुनीलालकडे पाठवलं. कारण पहिली रेकॉर्ड नि ती वाजवायचा ग्रामोफोन दोन्ही त्याच्याच घरी होते. तीन महिने, डबल ड्युटी नसेल त्या दुपारी, मधल्या खोलीत, मिरचीचा खाट येऊ नये म्हणून दार-खिडकी लावून, दोघं बसले. सुई त्या जागी ठेवायची, ऐकायचं, उचलायची, रूपचंदनं वाजवायचं. “नही. तू श्वास घी ऱ्हायना. त्याले श्वास सरे. फरक शे.” रूपचंद तीस वर्षांचा उभा आडवा गडी, तळोद्याला भाराच्या गाड्या ओढलेला, त्याचा दम सरणार कसा? तो हसायचा, म्हणायचा, “चुनीभाऊ, मन्ही छातीच मोठी शे, त्यामा मन्हा काय गुन्हा?” मग चुनीलालनं त्याला युक्ती शिकवली: आधीच्या ओळीत छाती रिकामी करून टाकायची, काही शिल्लक ठेवायचं नाही, म्हणजे वर आपोआप सरेल. आणि पत्ती तीच ठेव, म्हणाला, नव्या पत्तीला हे जमायचं नाही. एका दुपारी ते जमलं. रूपचंदच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि चुनीलालनं, जन्मात कुणाची पाठ न थोपटलेल्या माणसानं, त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती. वाजवून वाजवून झाली असेल, असं त्याला वाटलं होतं. आता तोच हात त्यानं डोळ्यांसमोर धरून बघितला, जणू तळव्यावर अजून काही राहिलं असावं.

तो उठला. टोपी घातली. रेल्वेचं वेळापत्रक पाठ असलेल्या माणसाच्या सवयीनं त्यानं मनाशी सोमवारची पॅसेंजर धरली: सकाळची, सुरतेकडची, चिंचपाड्याला दहाच्या आत. आज रविवार. उद्या रूपचंदला गाडीत बसवायचा, बस्स. वाटेत चौकात दलसिंग मास्तर चहाच्या दुकानाबाहेर बसले होते, नव्या रेकॉर्डची पाकिटं मांडीवर पसरून, बारशाला पेढे वाटावेत तसे लोकांना दाखवत. साठीला आलेला माणूस, मिशा मेणानं ओढलेल्या, ट्रम्पेटनं गालांच्या पिशव्या झालेल्या. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या लेखी जगात दोनच ऋतू होते, लग्नाचा आणि बाकीचा, आणि बाकीच्यात आजारी पडावं असा त्याचा आग्रह होता. “या, चुनीभाऊ! काय, कशी वाटनी? पह्यलीगतच शे ना?”

“पह्यलीगतच शे,” चुनीलाल म्हणाला.

“मंग तोंड काबरं उतरेल शे? लोकेस्ले नवं पाह्यजे म्हनतस, पण देवं तं जुनंच लागस. मी सर्वास्ले सांगं, रूपचंद पितांबरथून तीळभर हाली नही पाह्यजे. नही हालना! सकायले, सोमवारले, ब्राह्मणपुरीले पह्यलं लगीन, तुमना गावले. समोर बठज्या.”

“त्याले खोकला शे का?”

दलसिंगनं पाकिटं नीट जुळवली. जुळवायला काही नव्हतं तरी जुळवली. मग हळू म्हणाला, “मिरची शे भाऊ. मी बी खोकस,” आणि पुरावा म्हणून खोकून दाखवला. तो खोकला इतका निरोगी होता की चुनीलालला त्याचा राग आला. म्हणजे यालाही माहीत आहे, त्याच्या मनात आलं. पण माहीत असणं आणि कान असणं यात फरक आहे. याला माहीत आहे म्हणून हा गप्प बसू शकतो. मी कशाच्या जोरावर गप्प बसू?

रूपचंदचं घर पथाऱ्यांच्या अलीकडे, शेवटच्या ओळीत. उन्हात जमीन डोळ्याला झोंबत होती. अंगणात रूपचंदची बायको बेबीबाई तोंडाला पदर बांधून मिरच्यांची देठं मोडत बसली होती. सुपात मिरच्या, बाजूला देठांचा ढीग. पाच-सहा महिन्यांचं पोट होतं. त्याला बघून ती उठली नाही. पदर तोंडावरून खाली ओढला आणि घराच्या दाराकडे एकदा बघून, आवाज न चढवता बोलायला लागली, जसं काही तो येणारच होता आणि तिनं सगळं आधी मनात म्हणून ठेवलं होतं. “भाऊ, उशीना खोयवर डाग शेतस. मी धोवस, ते फिरी पडतस. मी सांगं तं मालक रागे भरतस. म्हनतस, बाईले काय समजस, हाऊ सूर शे. चिंचपाडाले चाला म्हनं, तं म्हने, चुनीभाऊनी रेकॉर्ड आयकी का ते दखू दे पह्यले.” तिनं एक मिरची उचलली, देठ मोडलं नाही, तशीच हातात धरली. “त्या मन्हं नही आयकाव. मास्तरनं बी नही. तुमनं आयकतीन. तुम्ही फक्त सांगा, खराब वाजाडी. पितांबरकाकानी सर नही इनी म्हना. आसं तुम्ही सांगं का त्या वाजाच सोडी देतीन. मी वळखस त्यास्ले. एक खोटं बोला भाऊ. मी तुमना पाय पडस.”

चुनीलाल म्हणाला, “सांगस.” सहज म्हणाला. ओझं वाटून घ्यायला आलेल्या माणसाला किती हलकं ओझं मिळालं, असंच त्याला वाटलं. खोटं बोलणं म्हणजे काय, रोज आठ तास तो पार्सल खिडकीत बसून लोकांना सांगायचा की तुमचा माल अजून आला नाही. उंबऱ्यावर पाऊल ठेवताना त्यानं वाक्यसुद्धा जुळवलं: रूपचंद, तुला नाही जमलं. चार शब्द. त्यात एक माणूस होता, एक बाई होती, एक न जन्मलेलं लेकरू होतं आणि वर्षभराच्या गोळ्या होत्या. एवढं पार्सल चार शब्दांत बांधून मिळत असेल तर कोण नाही म्हणेल?

रूपचंद खाटेवर बसून क्लॅरिनेटच्या सांध्यांना मेण लावत होता. त्याला बघून चटकन उठला, खाटेवरची गोधडी झटकली, आणि ते करताना त्याला दम लागला, तो त्यानं हसण्यात घातला. मान बारीक झाली होती. गळ्याजवळ बंडीचं बटण लावलेलं असूनही आत दोन बोटं जागा उरत होती. चुनीलालनं हे इतक्या दिवसांत बघितलं कसं नाही? त्यानं बघितलं नव्हतं, ऐकलं होतं. बघायचं काम त्यानं कधी केलंच नव्हतं. “बठा, भाऊ, बठा. आयकी का? मुंबईना सायेबनी एकाच डावमा लिधी. म्हने, फिरी घ्यानी गरजच नही.” त्याचे डोळे चकाकत होते, तापात चकाकतात तसे. “दोन दिन झायात, मी वाट दखी ऱ्हायनू. कशी शे सांगा.”

“रूपचंद,” चुनीलाल म्हणाला. टोपी काढून मांडीवर ठेवली. रूपचंदचं हसू जागच्या जागी थांबलं. बाहेर देठं मोडायचा आवाजही थांबला. “बोळवणीमा... ते...”

“काय चुकनं? थांबा, थांबा, सांगू नका, मी वाजाडस. जठे चुकनं तठे हात वर करा.” आणि चुनीलालनं नको म्हणायच्या आत त्यानं क्लॅरिनेट ओठाला लावली.

खोली लहान होती. तीन महिने दार लावून ऐकलेली चाल आता उघड्या दाराच्या उजेडात आली, तेव्हा चुनीलालला पहिल्यांदा तिचा आकार दिसल्यासारखा वाटला. रूपचंद छाती रिकामी करत नव्हता. ती युक्ती त्यानं केव्हाच टाकली होती. गरज उरली नव्हती. तो साधेपणानं वर गेला आणि वरच्या सुरावर उभा राहिला, उंच झाडाच्या शेवटच्या फांदीवर माणूस उभा राहील तसा, खाली न बघता. चुनीलालनं स्वतःला बजावलं, हात वर कर. आत्ता. इथं. हात मांडीवरच्या टोपीवर होता आणि टोपीचं कापड त्याच्या मुठीत गोळा होत होतं. मग दम सरला. तो हुंदका गिळल्याचा आवाज आला, पण हा पितांबरचा नव्हता, रेकॉर्डवरचा नव्हता, शिकवलेलाही नव्हता. याच्या तळाशी काहीतरी ओलं होतं. आणि त्यातून तोच सूर पुन्हा उगवला, इतका मऊ, इतका उतरलेला, की चुनीलालला वाटलं आजवर ऐकलं ते सगळं या एका सुराची तालीम होती. पितांबरसुद्धा. पितांबरचं मरणसुद्धा. त्या विचाराची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच अंगावर काटा येत राहिला, दंडावर, मानेवर, टाळूवर. त्यानं डोळे मिटून घेतले होते हे त्याला चाल संपल्यावर कळलं.

रूपचंद खाटेच्या कडेला टेकला होता. तोंडावर फडकं धरून खोकला, फडक्याकडे न बघता त्याची घडी केली आणि मांडीखाली सरकवली. “हात तं वर करा नही तुम्ही,” तो म्हणाला. घाम आलेल्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता, शाळेत पाटी दाखवायला उभ्या राहिलेल्या पोराचा. “आते सांगा. खरं सांगा, भाऊ. खराब शे का?”

दारात बेबीबाई येऊन उभी होती. पदर तोंडावर नव्हता. ती चुनीलालच्या ओठांकडे बघत होती.

चार शब्द त्याच्याजवळ होते. ते त्यानं जिभेवर आणले. त्यांना तिथं ठेवून बघितलं. आणि त्याला कळलं की आयुष्यात त्यानं सगळ्यांना सगळं खोटं सांगितलं असेल, बायकोला, भावांना, साहेबाला, देवाला. पण सुराची एवढी एक जागा त्यानं कधी उष्टावू दिली नव्हती. ती सोडली तर पार्सल बाबू उरत होता, एक अडकित्ता नि टोपी असलेला इसम. त्याला कुणी खुर्ची मांडली नसती. एका माणसाचा जीव एकीकडे आणि ती खुर्ची दुसरीकडे, असा काटा त्याच्या डोळ्यांसमोर स्पष्ट दिसला, आणि कुठलं पारडं खाली जायला हवं हेही त्याला स्पष्ट दिसलं.

“नही,” चुनीलाल म्हणाला. “खराब नही. आसं कोन्हीच वाजाडेल नही. पितांबरनी बी नही.”

रूपचंदनं एकदम मान खाली घातली. मग उठून, खाटेचा आधार घेत, तो वाकला आणि चुनीलालच्या पायाला हात लावला; हात पायावर जरा जास्तच वेळ राहिला, कारण उठायला त्याला वेळ लागला. “चिंचपाडाले जासूत रे आपण,” चुनीलाल घाईघाईनं म्हणाला, “सकायनीच गाडीवर, मी संगे येस,” आणि रूपचंद हसून म्हणाला, “जाऊत ना भाऊ. हंगाम व्हवू द्या. आते कसं सोडू? तुम्हीच सांगं ना.” त्याच्या आवाजात कुणाला फसवायचा हेतू नव्हता. तो खराच सुखात होता. चुनीलालनं दाराकडे बघितलं तेव्हा दार मोकळं होतं.

जरा वेळानं बेबीबाई चहा घेऊन आली. नवऱ्याच्या हातात कप दिला. चुनीलालचा कप तिनं त्याच्या पुढ्यात आणला, हात पुढे झालेला बघितला, आणि कप खाली जमिनीवर ठेवला. मग अंगणात जाऊन तिनं सूप ओढलं. चुनीलाल वाकला, कप उचलला, आणि रूपचंद उद्या वरात कुठून निघणार, कोणती चाल कुठं घेणार ते सांगत होता ते, मान हलवत, शेवटपर्यंत ऐकत बसला.